सुईवरचे अडीच ग्रॅम

'धरणाखाली' ही एलपी तबकडी नाशिकमध्ये पहिल्यांदा नाण्याशिवाय सलग वाजली ती २००१ सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. जागा गंगापूर रोडवरच्या एका घराचा दिवाणखाना. ऐकणारे पाच. तबकडी तेव्हा सतरा वर्षांची होती.

आता पुन्हा फेब्रुवारी आहे. दिंडोरीकडून शहरात येणाऱ्या टेम्पोंमध्ये द्राक्षांचे क्रेट रचलेले असतात आणि प्रत्येक क्रेटच्या कडेने वर्तमानपत्राचा कागद डोकावतो. पहाटे स्वेटर लागतो, अकराला तो काढून हातावर घ्यावा लागतो. कॉलेज रोडच्या हातगाड्यांवर सोनाका आणि थॉमसन या जातींचे घड शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि विकणारा दोन्हींचा एकेक मणी हातावर ठेवतो. या शहराचे बाकीचे महिने एकमेकांत मिसळतात. हा मिसळत नाही. हाताला द्राक्षाचा चिकटपणा लागला, की मला त्या वर्षीचे रविवार आठवतात, आणि त्यांच्यामागे एक खोल, खालून वर येणारा आवाज.

तो आवाज मधुकर खैरनार यांनी तयार केला होता. खैरनार सातपूरच्या एका कारखान्यात दाबमापक यंत्रे दुरुस्त करत. घरी त्यांनी जुन्या सुट्या भागांमधून स्वतःचे एक यंत्र बांधले होते: लाकडी कपाटाएवढे, पुढे बटणे, मागे तारांचा गुंता, आत तेरा ऑसिलेटर. ऑसिलेटर म्हणजे विजेपासून एकच सलग स्वर काढणारा भाग. असे तेरा स्वर एकमेकांवर चढवून, वाकवून, तोडून त्यांनी चाळीस मिनिटांचे संगीत केले. त्यात तबला नव्हता, पेटी नव्हती, गाणारे कोणी नव्हते. पावसाळ्यात गंगापूर धरणाचे दरवाजे उघडतात, तेव्हा खाली उभ्या माणसाच्या छातीत जे घुमते, ते त्यांना हवे होते. १९८४ मध्ये स्वतःच्या खर्चाने त्यांनी पाचशे तबकड्या काढून घेतल्या.

पहिल्या दोन महिन्यांत तक्रारी आल्या. सुई उडते. खरखर होते. चौथ्या-पाचव्या वेळी तर नुसती कढईत मोहरी तडतडल्यासारखी वाजते. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात उपसंपादक होतो. आलेल्या तबकडीवर मी पाच ओळी लिहिल्या. त्यातली शेवटची ओळ अशी होती: "प्रेसिंग निकृष्ट असल्याने संगीताविषयी मत देणे शक्य नाही." प्रेसिंग म्हणजे तबकडी साच्यात दाबून काढण्याचे काम. ती ओळ कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेअरवर ऐकून लिहिली होती. त्या प्लेअरच्या दांडीवर, सुईच्या बरोबर वर, चार आण्याचे नाणे ठेवलेले होते. तसे ते सगळ्यांच्याच प्लेअरवर असे. काहींकडे ते चिकटपट्टीने कायमचे बसवलेले होते. ज्यांची सुई फारच नाठाळ, ते आठ आण्याचे ठेवत. त्यात लिहिण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटले नाही.

खैरनारांनी तबकडी काढणाऱ्या कंपनीला खरमरीत पत्र लिहिले. उरलेल्या प्रती बाजारातून परत घेतल्या. यंत्रावर चादर टाकली आणि काही वर्षांनी ते तुकड्यातुकड्यांनी माळ्यावर गेले. मूळ ध्वनिफितीला बुरशी लागली आणि ती टाकून द्यावी लागली. ते संगीत आता कुठे असलेच, तर त्या तबकड्यांमध्येच होते.

नव्वदीच्या मध्यावर लोक तबकड्या टाकू लागले. कॅसेटने जागा घेतलीच होती, आता सीडी आली. भद्रकालीच्या जुन्या बाजारात तबकड्यांचे गठ्ठे पितळी नळ आणि सायकलच्या चेन यांच्या मधोमध पडलेले असत. ते उचलणाऱ्यांपैकी एक होते अरुणशेठ. सराफ बाजारात त्यांची पेढी होती आणि गंगापूर रोडला घर. परदेशी निघालेल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी एक चांगले टर्नटेबल घेतले होते. त्याच्या दांडीला मागे फिरवायचे वजन होते, ते फिरवून सुईचा भार हवा तितका ठरवता येई. १९९६ च्या हिवाळ्यापासून दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे तीन-चार माणसे जमू लागली, त्यांत मीही. नियम एकच होता: यंत्रावर नाणे ठेवायचे नाही. त्या नियमामागे तत्त्व नव्हते. नवीन यंत्रावर ओरखडा पडू नये, एवढेच होते.

बाळासाहेब त्या बैठकीत दिंडोरी तालुक्यातून येत. आठ एकर द्राक्षबाग, आणि पंपघरात एक जुना रेकॉर्ड प्लेअर. हंगामात ते पहाटे बागेत तोडणी सुरू करून, बायकांच्या टोळीला ओळी वाटून देऊन मोटारसायकलने येत. अंगाला गंधकाच्या भुकटीचा वास असे. आणलेला घड ते ताटात ठेवत तेव्हा देठालाच धरत. कोणी मण्यांना हात लावला की ओरडत.

"शेठ, देठाला धरा! वरची पांढरी लव पुसली म्हंजे माल बाद. त्यो थर एकदाच येतो, पुन्हा नाय येत."

२००१ च्या जानेवारीत त्यांनी घडाबरोबर 'धरणाखाली'ची आपली प्रत आणली.

"ही लावा बरं जरा. आमच्या पंपघरात आता नुसती फाटते. पन पहिल्यांदा ऐकली तवा लय भारी होती. आमचं कुत्रं उठून बसलं होतं."

तबकडी लावली. तिसऱ्या मिनिटाला सुई उडाली. परत ठेवली, परत उडाली. मध्ये जे काही ऐकू आले ते तडतडणे होते. मी म्हणालो, की यावर सतरा वर्षांपूर्वीच लिहून झाले आहे, प्रेसिंग निकृष्ट आहे.

अरुणशेठ उठले. त्यांनी तबकडी उचलली, खिडकीपाशी नेली, खिशातले सराफी भिंग डोळ्याला लावले आणि बराच वेळ पाहत राहिले. दागिना तपासताना ते जसे उभे राहत, तसेच.

"हे इकडे या," ते म्हणाले. "ही शांत जागा आहे. खाच बघा, आरशासारखी आहे. आणि ही मोठ्या आवाजाची जागा. इथे भिंती खरवडल्यात. प्रेसिंग खराब असतं तर सगळीकडे खराब दिसलं असतं. ओतकामातली चूक वेगळी आणि वापरातली झीज वेगळी. हा दागिना वाईट घडवलेला नाही. हा कोणीतरी घासलाय."

"कोनी?" बाळासाहेबांनी विचारले.

"ते एक न वाजवलेली प्रत मिळाली तर कळेल."

न वाजवलेल्या प्रती खैरनारांकडे होत्या. एक खोके, चाळीसेक प्रती, प्लॅस्टिक न फोडलेल्या. पुढच्या रविवारी आम्ही तिघे सातपूरला त्यांच्या घरी गेलो. खैरनार स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी होते. खोके दारातच होते. बुधवारी भंगारवाला येणार होता, त्याला दोनदा सांगून झाले होते.

अरुणशेठनी भिंगातून जे दिसले ते सांगितले. खैरनारांनी ऐकून घेतले आणि मान हलवली.

"खराब आहे असं मीच कंपनीला लिहून दिलं होतं. आता उघडून काय करायचं?"

"ऐकायचं," अरुणशेठ म्हणाले.

"आणि प्रेसिंग चांगलं निघालं तर?"

 उत्तरही त्यांनीच दिले.

"तर मग संगीतच भिकार होतं असं ठरेल. सतरा वर्षं निदान प्रेसिंगला नावं ठेवता येत होती."

आतून त्यांच्या पत्नी सुमनताई चहा घेऊन आल्या. त्यांनी कप ठेवले, आणि मग नवऱ्याकडे पाहिले.

"म्हणजे तुम्हाला ती खराबच हवी आहे. मग उत्तम. बुधवारी जातंय खोकं, माळाही मोकळा होईल. ते तुमचं कपाट पण देऊन टाकू का त्याच्याबरोबर?"

"यंत्राला हात लावायचा नाही."

"का? वाजवणार आहात?"

खैरनारांनी कप उचलला. सुमनताईंनी अरुणशेठना विचारले, "तुम्ही रविवारी किती वाजता जमता?"

बुधवारी भंगारवाला आला. सुमनताईंनी त्याला एक मोडका कूलर आणि रद्दी दिली. खोक्याचे काय ते पुढच्या बुधवारी सांगते, असे म्हणाल्या.

तो आठवडा तोडणीच्या ऐन भरातला होता. द्राक्षाच्या हंगामात नाशिकची माणसे आकाशाकडे जितकी पाहतात तितकी एरवी पाहत नाहीत. ढग आला की फोन सुरू होतात. तयार माल बागेत लटकलेला असतो, त्याच्यात गोडी भरलेली असते, आणि एका सरीने मणी तडकतात. वर्षाचे काम झालेले असते, फक्त ते सुखरूप खाली उतरवायचे असते. त्या आठवड्यात ढग आले आणि निघून गेले. बाळासाहेब म्हणाले की शनिवारची रात्र त्यांनी बागेत खाटेवर काढली. पण रविवारी दहाच्या आत ते हजर होते.

सुमनताई पुढे आल्या, काखेत तबकडी. खैरनार चार पावले मागे. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, दाराच्या सर्वांत जवळच्या.

अरुणशेठनी प्लॅस्टिक ब्लेडने कापले. तबकडी बाहेर काढताना तिच्याबरोबर एक चिठ्ठी घसरून जमिनीवर पडली. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची, छापील, पिवळी पडलेली. बाळासाहेबांनी उचलली आणि मोठ्याने वाचली.

"'सुई उडाल्यास दांडीच्या डोक्यावर चार आण्याचे नाणे ठेवावे. कळावे, मधुकर खैरनार.'"

माझ्याकडे आलेल्या आणि बाळासाहेबांच्या प्रतीतही ती असणार, पण नाणे सगळे ठेवतच होते, म्हणून ती कोणाच्या लक्षात राहिली नव्हती. अरुणशेठनी चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"ही प्रत्येक प्रतीत होती?"

"मेन रोडला छापून घेतली," खैरनार म्हणाले. "पाचशे. मीच एकेक घातली, मग प्लॅस्टिक लावलं. नमुन्याची प्रत घरी लावली तर तिसऱ्या मिनिटाला उडत होती. घरात सगळ्याच तबकड्यांना नाणं ठेवायचो आम्ही. ठेवलं, थांबली. म्हटलं, लोकांना त्रास नको."

"म्हंजे साहेब," बाळासाहेब म्हणाले, "माल बी तुमचा, आन् नासवायची रीत बी तुमचीच!"

पहिल्यांदा हसल्या त्या सुमनताई. मग सगळेच. खैरनार हसले नाहीत. ते चिठ्ठीकडे पाहत होते.

"कंपनीकडून उत्तर आलं होतं," ते म्हणाले. "दोन ओळी. 'तबकडी ठीक आहे. सुईवरचे वजन पाहावे.' मी आठ तास दाबमापकंच दुरुस्त करत होतो. मला वजन शिकवतायत, म्हणून फाडून टाकलं."

अरुणशेठनी आतून वजनकाटा आणला, पेढीवर सोन्यासाठी वापरतात तसा छोटा. आधी त्यावर चार आण्याचे नाणे ठेवले. अडीच ग्रॅम. मग टर्नटेबलची सुई काट्यावर टेकवली आणि मागचे वजन फिरवत भार दोन ग्रॅमच्या किंचित खाली आणला. त्यांच्या सुईला एवढाच लागत असे. नाणे ठेवले असते, तर तो दुपटीहून जास्त झाला असता. पेटीवजा प्लेअरच्या सुईचा भार मुळातच याच्या कितीतरी पट होता, आणि त्यावर हे नाणे. खोल आवाजासाठी खाच लांब वळणे घेते. ताठ, स्वस्त दांडीला ती वळणे पेलत नाहीत, म्हणून सुई उडते. वरून दाबले की ती उडत नाही, वळणे कापत सरळ जाते. पहिल्यांदा काही कळत नाही. पाचव्यांदा काही उरत नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी सुई टेकली.

पहिले मिनिटभर जवळजवळ काहीच नव्हते. मग खालून आले. ते कानांआधी खुर्चीच्या हातांना कळले. एक स्वर, त्याच्या शेजारी किंचित सरकलेला दुसरा, आणि दोघांच्या मध्ये हळू पडणारी थाप. दुसऱ्या मिनिटाला तो फुगू लागला. तिसरे मिनिट जवळ आले तसे सगळे पुढे वाकले. बाळासाहेबांचा हात सवयीने खिशाकडे गेला.

"हात बाहेर," सुमनताई म्हणाल्या.

तिसरे मिनिट आले. धरणाचे दरवाजे उघडले. खिडकीची काच थरथरली, ताटातल्या घडातला एक मणी सुटून घरंगळला, आणि सुई जागची हलली नाही. तो आवाज आपले पूर्ण वळण घेऊन गेला आणि परत आला. मी पाच ओळी ज्याच्यावर लिहिल्या होत्या ते हे नव्हते. मी जे ऐकले होते तो एक खरवडलेला रस्ता होता, आणि आता त्यावरून पाणी जात होते.

सातव्या मिनिटाला खालचा स्वर ओसरला आणि मागे एक वेगळाच आवाज उरला. काहीतरी भरत होते. आधी खोल, मग चढत चढत बारीक, मग थांबले. पुन्हा खोलपासून सुरू. आमच्यापैकी कोणी तो आवाज कधी ऐकला नव्हता. बाळासाहेबांच्या प्रतीवर त्या जागी नुसती तडतड होती.

सुमनताई उठून उभ्या राहिल्या.

"हा आपला हंडा आहे!"

खैरनारांनी मान हलवली.

"नळाला पाणी कमी आहे म्हणून भरून ठेव म्हणालात मला. भरला. मग ओतायला लावलात. परत भरायला लावलात. तीन वेळा! शेजारीण विचारत होती, घरी पाहुणे आलेत का म्हणून. आणि हे यासाठी होय?"

"सांगितलं असतं तर तू हळू भरला असतास," खैरनार म्हणाले. "मला नेहमीसारखा हवा होता."

"आणि सतरा वर्षं हे कोणाला ऐकूच आलं नाही!"

"मलाही नाही. फितीवर होतं. घरच्या प्लेअरच्या छोट्या स्पीकरवर आलं नाही, म्हणून तबकडीवर राहिलंच नाही असं समजलो होतो."

पहिली बाजू संपली तेव्हा कोणी काही म्हणण्याआधी खैरनार खुर्चीवरून उठले, टर्नटेबलपाशी आले, आणि तबकडी कडेला धरून त्यांनीच उलटली. खाचांना बोट लागू दिले नाही. दुसऱ्या बाजूला ते दारापासच्या खुर्चीवर परत गेले नाहीत. स्पीकरसमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

नंतर मते झाली, आणि ती सगळी स्तुतीची नव्हती. अरुणशेठ म्हणाले, दुसऱ्या बाजूचा मधला भाग लांबला आहे. खैरनार लगेच म्हणाले, चार मिनिटे जास्त आहेत, तेव्हाही माहीत होते, कापायचा धीर झाला नाही. बाळासाहेब म्हणाले, आमच्या कुत्र्याला तुमच्यापेक्षा आधी कळलं होतं. सुमनताई म्हणाल्या, हंड्याचा भाग आणखी हवा होता. खैरनारांनी प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिले. ज्या माणसाला आपले संगीत भिकार ठरण्याची भीती होती, तो त्या दिवशी दीड वाजेपर्यंत त्यातल्या चुका दाखवत होता. आवाज चढलेला, हात हलत असलेले.

पुढच्या आठवड्यात आमच्या दैनिकात पाचव्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली. सतरा वर्षांपूर्वीच्या मजकुरात प्रेसिंग निकृष्ट असल्याचे म्हटले होते, ते चुकीचे आहे. प्रेसिंग उत्तम आहे. संगीताविषयी मत आता देता येते, आणि ते अनुकूल आहे. वृत्तसंपादकांनी विचारले, इतक्या जुन्या गोष्टीची दुरुस्ती कोणी मागितली आहे का. कोणी मागितली नव्हती.

मार्चभर लोक येत राहिले. रविवारी पाचाचे आठ झाले, आठाचे पंधरा. अभियांत्रिकी कॉलेजातली मुले आली, सिन्नरहून एक रेडिओ दुरुस्त करणारा आला. काहींनी आपल्या जुन्या प्रती आणल्या आणि भिंगाखाली धरल्या. ज्यांनी चिठ्ठीचे ऐकले होते त्यांच्या प्रती खरवडलेल्या होत्या. एका निवृत्त शिक्षकांनी ती चिठ्ठी कधी वाचलीच नव्हती, त्यांची प्रत बऱ्यापैकी शाबूत होती. ते दर रविवारी हे पुन्हा सांगत.

हंगामही त्याच गतीने उतरत होता. बागा रिकाम्या होत गेल्या, वेलींवर फक्त पाने राहिली, शहरातल्या हातगाड्यांवर सुटे मणी ढिगाने दिसू लागले. बाळासाहेबांचा माल एकही मणी न तडकता गेला. द्राक्षाच्या वर्षात हा काळ माझ्या सर्वांत आवडीचा आहे. घाई संपलेली असते, एप्रिलमधली खरड छाटणी, म्हणजे वेलीच्या फांद्या मागे कापण्याचे काम, अजून सुरू व्हायचे असते, आणि माणसे बागेत काही काम नसताना फिरतात. वेलीकडे पाहण्याची त्यांची नजर तेव्हा वेगळी असते. दर वर्षी ती दिसली, की मला स्पीकरसमोर मांडी घातलेले खैरनार दिसतात.

खोक्यातल्या प्रती एकेक करून गेल्या. प्रत्येकीतली छापील चिठ्ठी खैरनारांनी स्वतः काढून घेतली आणि तिच्या जागी हाताने लिहिलेली घातली: सुईचा भार किती असावा, यंत्र सपाट पृष्ठभागावर कसे ठेवावे, आणि सुई तरीही उडाली तर तबकडी नव्हे, दांडी दुरुस्त करावी. शेवटची प्रत मार्चच्या अखेरीस गेली.

त्याच आठवड्यात माळ्यावरचे यंत्र तुकड्यातुकड्यांनी खाली आले. तेरांपैकी नऊ ऑसिलेटर चालू होते. उरलेले चार खैरनारांनी आठ दिवसांत दुरुस्त केले. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू, मांडणीवरची भांडी थरथरतात अशी पहिली तक्रार घेऊन वर आल्या, ती एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता.